मेल्यावर तेलुगू शिकलेले अप्पा

बीदर जिल्ह्यातल्या राजेश्वर गावात पांडुरंगरावांच्या घरापुढं त्या सकाळी चपला काढायला जागा नव्हती. ओसरीत पांडुरंगरावांचा, म्हणजे सगळ्या गावाच्या अप्पांचा, हार घातलेला फोटो. फोटोखाली नारळांची रास. आणि राशीशेजारी मांडी ठोकून बसलेले अंकुशराव, ज्यांचं स्वतःचं नारळाचं दुकान नेमकं फाटकाबाहेर होतं.

"बगा, बगा!" तेलंगणातल्या झहीराबादहून आलेल्या एका पाहुण्याचा फोन त्यांनी उंच धरला. "जितेपणी अप्पाला तेलुगूचा एक शबूद येत नव्हता. आन् आता तेलुगूत निरोप धाडायलेत! मेल्यावर माणसाला समद्या भाषा येतात. शास्त्रात लिवलंय!"

कुठल्या शास्त्रात, हे कुणी विचारलं नाही. बायकांनी हात जोडले. कुणीतरी नारळ फोडला.

विचारू शकेल असं एकच माणूस त्या घरात होतं. अप्पांची सून भार्गवी, हायस्कूलात विज्ञान शिकवणारी. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती आणि मूग गिळून गप्प होती. कारण ते तेलुगू तिच्याच शाळेतल्या सुधारानी टीचरनी लिहून दिलेलं होतं.

झालं होतं ते असं. नोकरीतून निवृत्त झाल्यावर अप्पांनी घरामागं चार खोल्या बांधल्या, हायवेवरच्या पाहुण्यांना उतरायला. बुकिंग सांभाळायला एक सॉफ्टवेअर घेतलं. पाहुण्यांच्या फोनवर आपोआप निरोप जायची त्यात सोय होती. अप्पा मजकूर सांगत आणि भार्गवी अटी घालत असे. पाहुण्याची भाषा तेलुगू असेल तर तेलुगू निरोप. सोबत मूल असेल तर 'दूध तापवून ठेवलंय' असा. पूर्वी येऊन गेलेला असेल तर 'पुन्हा आलात, घर भरलं'. मुक्काम वाढवला तर 'थांबलात ते बरं केलंत. घाई करू नका, काळजी सोडा'. खाली नाव अप्पांचं, वर फोटोही अप्पांचाच.

मग अप्पा गेले. भार्गवी म्हणाली, आता नाव बदलायला हवं. सासूबाईंनी, जानकीबाईंनी, साफ नाही म्हटलं. "वर्षश्राद्ध होईस्तोवर त्यांचं काहीच हलवायचं नाही." कॉटखालच्या चपलासुद्धा हलल्या नव्हत्या. नाव तसंच राहिलं, निरोप जात राहिले.

आणि बोभाटा झाला! अप्पा बोलतात, अप्पांना मागच्या खेपेचे पाहुणे आठवतात, लेकराबाळांची विचारपूस करतात. अंकुशराव पक्के बेरकी. बुकिंगला माणूस नसला की आपल्या फोनवरून तेच मदत करत. कुठलं बटण दाबलं की अप्पा काय बोलतात, हे त्यांनी आठवडाभरात हेरलं. पुढचं काम सोपं होतं.

नवरा गेल्यापासून जानकीबाईंनी अन्न टाकलं होतं. त्या पुन्हा जेवायला लागल्या. "पाहुण्यांशी तरी बोलायलेत ग ते," म्हणायच्या. म्हणून भार्गवी गप्प राहिली. खोल्या आता रिकाम्या राहत नव्हत्या, हेही एक कारण होतं, पण ते ती मनातसुद्धा उच्चारत नसे. वर्गात मात्र पोरांना सांगायची, पटत नाही तोवर प्रश्न विचारा. सांगताना हल्ली खडूकडे बघायची.

त्या सकाळी गर्दीतून वाट काढत नागूबाई पुढं आली. औराद तालुक्यातल्या चिंताकीची. खांद्यावर नात, शिवकन्या. पोरीचे ओठ सुकले होते, मान टाकली होती. ताप उतरत नव्हता, पोटात पाणी ठरत नव्हतं. आदल्या संध्याकाळी येऊन त्यांनी खोली घेतली होती. येताना बीदर लागलं, दवाखाना लागला, पण अप्पांच्याच दारी जायचं म्हणून नागूबाईनं जीप थांबू दिली नव्हती.

"अंकुशअण्णा, पोरगी डोळं उघडंना. बीदरला नेऊ का?"

"आपण कोण सांगणार? अप्पाला इचारू." अंकुशरावांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि मांडीवरच्या फोनवर हळूच बोट फिरवलं. नागूबाईचा मुक्काम एक दिवसानं वाढला.

नागूबाईच्या फोनवर टिंग झालं. अंकुशरावांनी खड्या आवाजात वाचलं, "थांबलात ते बरं केलंत. घाई करू नका, काळजी सोडा!"

"अप्पा!" म्हणत नागूबाईनं फोटोपुढं डोकं टेकलं आणि पोरीला घेऊन तिथंच बसली.

भार्गवीनं दारातून ते ऐकलं. ते वाक्य अप्पांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढं लग्नाला आलेले पाहुणे होते. ती धावत बाहेर आली. "नागूबाई, पोरीच्या अंगातलं पाणी आटलंय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"अप्पा नको म्हणायलेत, बाई."

"हे अप्पा नाहीत. हे मशीन आहे!"

गर्दीत कुजबुज झाली. अंकुशराव गोड हसले. "टीचर हैत त्या. शिकल्याल्या माणसाला देव दिसत न्हाई."

"काका, तुमच्या बैलाचं नाव काय?"

"सर्जा. कामून?"

भार्गवीनं आपल्या फोनवर बुकिंग भरलं. पाहुण्याचं नाव सर्जा, भाषा तेलुगू, सोबत लहान मूल. नंबर अंकुशरावांचा. त्यांच्याच फोनवर टिंग झालं. नागूबाईच्या जीपचा ड्रायव्हर वीरेश औरादचा, त्याला तेलुगू वाचता येई. त्यानं वाचून अर्थ सांगितला, "सर्जागारू, म्हणजे सर्जाराव, लेकराला घेऊन आलात, आनंद झाला. दूध तापवून ठेवलंय."

लोक खो खो हसले. अंकुशरावांचा चेहरा उतरला, पण जीभ कुठली उतरायला! "अप्पाला जनावरांचीबी लई माया व्हती!"

आणि काय सांगावं, चारदोन माना डोलल्यासुद्धा!

आता वेळ नव्हता. भार्गवी नागूबाईजवळ खाली बसली, फोन सगळ्यांना दिसेल असा धरला. मुक्काम वाढवल्यावर जाणारा जुना मजकूर तिनं पुसला आणि मोठ्यानं म्हणत नवा लिहिला, "लेकराला आत्ता दवाखान्यात न्या." मग मुक्काम आणखी एक दिवस वाढवला.

टिंग. वीरेशनं वाचलं.

नागूबाई ताडकन उठली. "अप्पानं सांगितलं! गाडी काढ रे!"

पोरीला घेऊन ती निघालीच. भार्गवीला वाटलं, जाऊ दे. पोर वाचतेय ना? कशाला बोलायचं? मग तिला वाटलं, उद्या दुसरी कुणी येईल, आणि त्या दिवशी मी शाळेत असेन.

"अप्पांनी नाही," ती ओरडली. "मी सांगितलं. तुमच्यादेखत मीच लिहिलं. आधीचंही माझंच, तेलुगूसुद्धा मीच लिहवून घेतलेलं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

नागूबाई जीपपाशी थबकली. "ठाव व्हतं? मंग इतके दिस गप कामून बसलीस, बाई?"

भार्गवीला धरणी दुभंगावी असं वाटलं. सगळी गर्दी तिच्याकडे बघत होती, आणि ओसरीच्या खांबाला धरून उभ्या असलेल्या जानकीबाईही. ती खाली मान घालून जीपमध्ये चढली.

बीदरपेक्षा जवळ असलेल्या हुमनाबादच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. म्हणाले, संध्याकाळ केली असतीत तर हाताबाहेर गेलं असतं. दुपारी पोरीनं डोळे उघडून पाणी मागितलं. नागूबाईनं तिला चमच्यानं पाणी पाजलं. भार्गवीकडे एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापुढं पुन्हा गर्दी. बातमी आता अशी झाली होती की अप्पांनी चिंताकीची पोर वाचवली! अंकुशराव नव्या नारळांसकट हजर. भार्गवी सांगायला पुढं झाली.

तिला बाजूला सारून जानकीबाई पायरीवर आल्या. हातात हार काढलेला फोटो.

"माझा नवरा वारला," त्या म्हणाल्या. "शेवटचं पाणी त्यांच्या तोंडात मीच घातलंय. ते फोनात नाहीत. फोनात येतं ते माझ्या सुनेनं लिहिलेलं. मला बरं वाटत होतं, म्हणून मी विचारलं नाही. तुम्हालाही बरं वाटायलंय, म्हणून तुम्ही विचारंना गेलात. कुणी चमत्कार दाखवला की आधी विचारा, हे कोण करायलंय, कसं करायलंय. आणि लेकरू आजारी पडलं तर दवाखाना गाठा. माझ्या दारात येऊ नका."

अंकुशराव नारळ गोळा करायला लागले.

"कसं करायलंय ते ही सांगेल," जानकीबाई म्हणाल्या. "तिला लाज वाटायलीय. वाटू द्या. पण तिच्याकडून ऐकूनच जा."

भार्गवी पायरीवर आली. मान काही केल्या वर होईना. तशीच, खालमानेनं, तिनं फोन उघडला आणि पहिली अट कशी घालतात ते लोकांना दाखवायला लागली.