आणखी काही?

टोपीची घडी चुकली होती. पडद्यावर दाराएवढी झालेली ती कागदी टोपी, तिची डावी कड आत जायला हवी ती बाहेर — इतकं शिकवूनही या बयेला... थोरली अंधारात स्वतःशीच चुकचुकली. बर्गरच्या दुकानात राबणाऱ्या पोरापोरींचा हा सिनेमा. 'सहकुटुंब हसा' असं बाहेर लिहिलेलं, म्हणून ती सहकुटुंब आली होती, डावीकडे आई, उजवीकडे बाबा. पास दुकानाने दिले होते. रजा मात्र बिनपगारी.

सिनेमातली नटी भूमिकेचा अभ्यास करायला थोरलीच्याच काउंटरमागे येऊन राहिली होती. अभ्यास कसला, उचलेगिरी. तळणीचं तेल उडून थोरलीच्या मनगटावर पडलेले डाग मेकअपवाल्याने फोटो काढून नेले, ते बघा, नटीच्या मनगटावर जसेच्या तसे — फक्त तिथे ते शोभत होते.

"अगं, ही नाकसुद्धा तुझ्यासारखंच ओढते," आई म्हणाली. "दिसायला बरी आहे, एवढाच काय तो फरक."

"श्श. ऐकू दे गं," बाबा.

बाबा हसत होते, पण दाढ दुखणाऱ्या माणसासारखे, एका बाजूने. त्यांची आई गेल्यापासून ते तसेच हसतात... आणि त्या दिवशीचा तो फोन. दुपारची गर्दी, पुढे रांग, मागे तळणीचा कल्ला, दुकानाच्या फोनवर बाबा: "आजी गेली गं." आणि मी — मी नव्हे, माझं तोंड, ज्याला दुकानाने घोटून घोटून शिकवलं होतं की गिऱ्हाईक बोलायचं थांबलं की लगेच विचारायचं — ते म्हणालं, "आणखी काही?"

मग बाबा, रांगेतल्या एखाद्या सभ्य गिऱ्हाइकासारखे: "नाही. एवढंच."

घरात त्यावर कुणी कधी चकार शब्द काढला नाही. तिने सांगितलं फक्त एकीला, दुकानामागे रिकाम्या खोक्यांवर बसून, कारण नटीने विचारलंच इतक्या हळू होतं: "तुला इथे कधी रडू येतं का गं?" ऐकून थोरलीआधी नटीच रडली. काय रडली! थोरलीला वाटलं, जगात एक तरी माणूस आहे... पाठांतर चाललं होतं तिचं.

पडद्यावर फोन वाजला.

नको. मांजर मेलं म्हण, शेजारी मेला म्हण...

"आजी गेली गं," पडद्यावरचा बाप म्हणाला.

नटीने पापण्या फडफडवल्या — मी नव्हत्या फडफडवल्या — "आणखी काही?"

"नाही. एवढंच."

थिएटर हशाने फुटलं. मागे कुणीतरी पाय आपटत होतं. "काय कार्टी आहे मेली!" आईने रुमाल तोंडात कोंबला.

थोरली उजवीकडे बघेना. आता बाबा उठून जातील, किंवा वळून माझ्याकडे बघतील, आणि मग मी वर्षभर घोळवलेलं ते वाक्य — बाबा, ते माझ्या तोंडून गेलं, माझ्याकडून नाही — आत्ता, इथेच... शेजारची खुर्ची हलायला लागली. तिने बघितलं. बाबा हसत होते. तोंड भरून, दोन्ही बाजूंनी, मांडीवर थापा मारत. मग तिच्या कानाशी वाकून, धापा टाकत म्हणाले, "आपली आजी असती ना... हसून हसून मेली असती!"

तिने ते वाक्य उलटंपालटं करून पाहिलं. टोमणा? माफी? काहीच सापडेना, धुऊन पालथ्या घातलेल्या ट्रेसारखं ते कोरडं होतं. विसरले होते बाबा. आणि विसरले नसतील तर... तर हा शेजारी बसलेला माणूस कोण?

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते खिसा कापला गेल्यासारखं. आजीचं म्हणून तिच्यापाशी उरलेलं ते एकच होतं — ती लाज — रात्री उशाशी घेऊन झोपावं इतकी स्वतःची. आता ती मागच्या रांगेतल्या पाय आपटणाऱ्याचीही झाली. तिला नटीचा राग येईना. बाबांचा आला, पहिल्यांदाच, थंड आणि स्वच्छ. आणि पडद्यावर कुणीतरी सांडलेल्या सॉसवरून घसरलं तेव्हा ती सगळ्यांच्या आधी हसली.