टॅमसिनच्या पावलाचं माप

आमच्या चर्चच्या दाराशी, डाव्या हाताला, एक काळी पाटी आहे. पुरुषानं कोणाकोणाशी लग्न करू नये याची ती यादी. लहानपणी 'आजीशी' हे वाचून आम्ही पोट धरून हसायचो. त्याच पाटीवर बायकोची बहीणही आहे, मग बायको हयात असो वा नसो; तिकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

जेबेझ होड्या बांधायचा. त्याची बायको लव्हडे बाळंतपणात गेली आणि तिची धाकटी बहीण केझाया अंगावरच्या कपड्यांनिशी आली ती तान्ह्या टॅमसिनला सांभाळायला. चार वर्षं राहिली. पोर तिलाच आई म्हणायची. त्यांचं घर माझ्या जोडे शिवायच्या दुकानासमोरच. पहिली दोन वर्षं जेबेझ कामावरून आला की खाली मान घालून सरळ आत जायचा. तिसऱ्या वर्षापासून तो उंबऱ्यावर रेंगाळू लागला. आतून केझायाचं हसू ऐकू यायचं, आणि माझ्या हातातली आरी तेवढ्यापुरती थांबायची. ती मला ओबेदकाका म्हणायची. आमच्या गावात चाळिशी उलटली की माणूस सगळ्यांचाच काका होतो. तक्रार कोणाकडे करणार?

मासे विकणारी ऑनरकाकू एक दिवस दुकानात टोपली टेकवून म्हणाली, "काय रे ओबेद, समोर चूल एक आणि मधे भिंत नाही म्हणतात!"

"मासे खपेनात वाटतं, म्हणून बातम्या विकतेस?"

ती खदखदून हसली. बातमी मात्र खपली. पाद्रीसाहेबांनी जेबेझला त्या पाटीपुढे उभं केलं आणि मेहुणीला घराबाहेर काढायला सांगितलं. होड्यांचं काम देणारे मालक सगळे त्यांच्याच ऐकण्यातले. जेबेझ केझायाला म्हणाला, दूर शहरात जाऊ, कोण विचारतंय! तिनंच नको म्हटलं. अशा लग्नातली पोरं कायद्यानं बिनबापाची, आणि त्या घरात टॅमसिन वाढायला नको, असं तिचं म्हणणं.

त्या रविवारी संध्याकाळी, चर्चहून वेगळं आमचं साधं प्रार्थनाघर आहे, तिथं फिरते उपदेशक आले होते. ते अर्धा उपदेश बोलायचे आणि अर्धा गायचे. मी त्यासाठी सहा मैल चालत जाणारा माणूस. त्या दिवशी ते प्रेमावर गायले. मेंढपाळाचं प्रेम, आईचं प्रेम, नवराबायकोचं प्रेम, आणि दर खेपेला "सगळं एकाच झऱ्याचं पाणी!" म्हणून ते हात वर करायचे की आम्ही सगळे तीच ओळ उचलायचो. माझा खर्ज असा लागला होता की छातीत घंटा वाजावी. डोळे भरून आले. शेजारच्या बाकावर केझाया झोपलेल्या टॅमसिनला मांडीवर घेऊन बसली होती. ती गात नव्हती.

बाहेर पडताना तिनं विचारलं, "काका, एकाच झऱ्याचं ना? मग माझ्याच घागरीतलं घाण कसं?"

माझ्या तोंडातून निघालं ते भलतंच. "केझाया, माझ्याशी लग्न कर. समोरच राहशील. पोर दिवसभर तुझ्या पायात घोटाळेल. मी काही मागणार नाही."

तिनं टॅमसिनला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तुमच्या खिडकीतून त्याचंच दार दिसतं, काका. मी तिथंच बघत बसेन."

"मला चालेल."

"मला नाही चालणार. तुमच्यासारख्या माणसाचे असे हाल नाही करायचे मला."

मंगळवारी, पोर अजून उठायची होती, तेव्हा ती गाडीत बसून गेली. पुढच्या वर्षी जेबेझनं शिडं शिवणाऱ्याच्या बहिणीशी लग्न केलं. बाई चांगली आहे, खोटं का बोलू?

केझायाचं पत्र वर्षानं आलं. दूर उत्तरेत कोणाकडे ती स्वयंपाकाला होती. जेबेझचं नावही नव्हतं. 'काका, टॅमसिनच्या पावलाचं माप कागदावर काढून पाठवाल?'

मी पोरीला कागदावर उभं केलं आणि पावलाभोवती पेन्सिल फिरवली.

"गुदगुल्या होतात! कुणासाठी?"

"तुझ्या आईसाठी. केझायासाठी."

ती कागदावरच उभी राहिली. मग म्हणाली, "तिला सांगा, ये म्हणून."

दुसऱ्या वर्षी म्हणाली, "सांगा, माझा दात पडला."

तिसऱ्या वर्षी पाऊल चांगलं बोटभर वाढलं होतं. अंगठ्यापासून सुरुवात करून मी टाचेपर्यंत आलो, तेव्हा तिनं विचारलं, "हे कुणाला पाठवता हो, काका?"

"केझायाला."

"ती कोण?"

समोरून हाक आली. "आले, आई!" म्हणत ती एक जोडा हातात घेऊनच पळाली. टाचेची रेघ राहिली. ती मी अंदाजानं पुरी केली आणि खाली लिहिलं, 'तुझी फार आठवण काढते.'

त्या रविवारी सगळे उभे राहून गायले. मी पुस्तक उघडून नुसता उभा राहिलो. देवापुढे तोंड उघडवेना.

तिचं उत्तर दहा दिवसांत आलं. एवढंच होतं: 'काका, यंदा टाच तुम्ही काढलीत.'

पुढच्या वर्षी तिनं माप मागितलं नाही.