चंद्री रेषेपाशी थांबली

आपण हुशार आहोत असा संशय कृष्णातला लहानपणापासून होता. विद्यापीठात संगणकाच्या शेवटच्या वर्षाला तो भलताच बळावला. बाकीची पोरं प्रोजेक्ट म्हणून ग्रंथालयाच्या नोंदींचे प्रोग्राम करत होती. ह्यानं गेम करायला घेतला. निशा मॅडम म्हणाल्या, "झेपेल ते कर." झेपणारं सोडून बाकी सगळं करायचं, ही त्याची जुनी खोड.

गेम म्हशींच्या शर्यतीचा. दिवाळीच्या पाडव्याला मालक सायलेन्सरची पुंगळी काढलेली मोटारसायकल पिटाळतो आणि त्याची म्हैस मागं धावते, तशी. म्हैस रेषेपार गेली की जिंकली. पडद्यावरच्या म्हशीला त्यानं घरच्या चंद्रीचं नाव दिलं, शिंगंसुद्धा तिचीच.

आबांनी बजावलं होतं, "एकदा नापास झालाईस. आता परत झालास तर गप गोठा सांभाळायचा." कृष्णातला धडकी भरली. त्याचा हात लागला की उचगावातली गरीबातली गरीब म्हैससुद्धा पान्हा चोरायची.

परीक्षेला पुण्याचे सर आले आणि गेममधली गाडी चालवायला स्वतःच बसले. पुंगळी काढलेल्या गाडीचा आवाज प्रयोगशाळेत घुमला, शिपाई दारातून डोकावला. गाडी सुसाट, मागं चंद्री. रेषा आली आणि सरांनी शिस्तीत ब्रेक दाबला.

चंद्रीही शिस्तीत थांबली. मालकाच्या मागं, रेषेच्या दोन हात अलीकडं.

"आता पुढे?" सरांनी विचारलं.

पुढं काहीच नव्हतं. गाडी रेषेवर पोचली की सगळी बटणं बंद, ही कृष्णातचीच अक्कल. रेषेवर कुणी ब्रेक मारेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याच्या गल्लीत मालक रेषा ओलांडून थेट गोठ्यापर्यंत जातो. घाबरून तो पडद्याकडं बघत ओरडला, "ये चंद्रे, ये, ये!" सगळी प्रयोगशाळा हसली. चंद्री काही हलली नाही.

"सहा महिन्यांनी दुरुस्त करून आणा," सर म्हणाले. म्हणजे नापास.

घरी आल्यावर त्यानं मुकाट्यानं बादली उचलली. आबा धार काढत होते.

"काय झालं?"

"चंद्री हरली, आबा. रेषेपाशी थांबली."

आबांनी वर बघितलं. "ती कशाला थांबंल? मालक थांबला असंल."

कृष्णातला रडू आवरेना.

"बादली ठेव ती," आबा म्हणाले. "तुला बघून म्हस दूध चोरती. जा, मालकाला पुढं काढ जा."