दोरीला बांधलेला पाना

"सिद्धप्पा, पाना! पळ!" कमलम्मा सिस्टर ओरडल्या आणि वॉर्डबॉय सिद्धप्पा पळत सुटला.

खाटेवर मोडनिंबचे कोंडीबा छाती धरून पडले होते. अंग घामानं निथळत होतं, ओठ काळेनिळे झाले होते. ऑक्सिजनचा सिलिंडर उशाशीच होता, भरलेला. पण तो उघडायचा लोखंडी पाना तिथं नव्हता. तीन वॉर्डांत मिळून पाना एकच, आणि ज्याला लागेल तो घेऊन जायचा. सिद्धप्पानं बायकांचा वॉर्ड पालथा घातला, मग ऑपरेशनची खोली. शेवटी जेवायला बसलेल्या स्टोअरकीपरला उठवून, कुलूप काढायला लावून पाना मिळाला. धापा टाकत तो परतला, तेव्हा डॉक्टर कोंडीबांच्या तोंडावर चादर ओढत होते.

दारात कोंडीबांची बायको गोजरबाई बसली होती. सिद्धप्पा मान खाली घालून बाजूनं निघाला, तर तिनं त्याचा हात धरला.

"लई पळालास रं बाबा माज्या मालकासाठी. तुजं उपकार फिटायचं न्हाईत."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वेळेवर ऑक्सिजन मिळाला असता तरी सांगता येत नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. पण सिद्धप्पाला त्या रात्री भाकरी गेली नाही. चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट.

इस्पितळात लागण्याआधी त्यानं आठ वर्षं मिलमध्ये माग चालवला होता. तिथं धागा तुटला की माग थांबतो, आणि माग थांबला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, सात पिढ्यांचा उद्धार करतो. म्हणून कात्री कमरेलाच बांधलेली. कात्री शोधत हिंडणारा विणकर त्यानं जन्मात पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं पाना दोरीनं सिलिंडरलाच बांधून टाकला.

"सोड ते आधी," सिस्टर म्हणाल्या. "सरकारी वस्तू आहे. बाकीच्या दोन वॉर्डांनी काय करायचं?"

"ते बी खरंच हाय की." त्यानं मुकाट्यानं गाठ सोडली.

सुट्टी मिळाली तसा तो सायकल मारत अक्कलकोट रोडला गेला. तिथं एका कारखान्यात त्याचा मिलमधला दोस्त बसवराज फिटर होता. भंगारातली जाड पट्टी घासून त्यानं हुबेहूब पाना करून दिला आणि वर विचारलं, "इस्पितळात नोकरी करतोस का लोहारकी?"

दुसऱ्या दिवशी वॉर्डात त्यानं तो सिस्टरपुढं धरला. "सिस्टर, ह्यो सरकारी न्हाय. माजा हाय. आता बांदू?"

"बांध," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी छातीच्या दुखण्याची इंजेक्शनं आणि उकळलेली सिरिंज एका ट्रेमध्ये काढून सिलिंडरशेजारी ठेवली. ते पाहून डॉक्टरांनी कुलपात पडलेलं ईसीजीचं यंत्रही वॉर्डात आणवलं. रोज सकाळी पाना फिरवून बघायचं काम सिद्धप्पानं आपण होऊन अंगावर घेतलं.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी चादरींचे व्यापारी वीरभद्रप्पा तसेच छाती धरून आले. सिद्धप्पानं नुसता हात लांब केला. सिलिंडर फुसफुसला, मास्क तोंडावर बसला, सिस्टरनी इंजेक्शन दिलंसुद्धा. आता त्याच्याजोगं कामच उरलं नाही. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

तीन आठवड्यांनी वीरभद्रप्पा आपल्या पायांनी घरी निघाले. त्यांच्या बायकोनं, ईरम्मानं, डॉक्टरांच्या पाया पडून सिस्टरच्या हातात नारळ दिला. मग पेढे वाटत ती सिद्धप्पासमोर आली.

"तुमी त्या दिवशी भिंतीला टेकून हुबं हुता की. माणूस मराय लागलेलं, जरा पळापळ कराय नको का?"

सिस्टर काही बोलणार होत्या. सिद्धप्पानं त्यांना डोळ्यांनीच थांबवलं.

"चुकलं, अक्का."

त्याला जराही वाईट वाटलं नाही. त्याला मोडनिंबची गोजरबाई आठवली. तिनं तेव्हा हात धरला नसता, तर तो इतरांसारखाच दोन दिवसांत सारं विसरला असता. उपकार खरे तिचेच होते. हातातला पेढा न खाता त्यानं तो कागदात बांधला.

"अक्का, आनी एक द्या की."

"एक पुरंना व्हय?"

"ह्यो कागदातला माजा न्हाय. मोडनिंबला न्यायचा हाय."