सबळ कारण

“सिस्टर, मधल्या सभेला तुम्ही होतात असं मी इतिवृत्तात घालते,” चिटणीस म्हणाली. “कोण बघायला येतंय?”

संस्थेची कार्यकारिणी नेहमीप्रमाणे गोदामातच बसली होती. भोवती घडी घातलेल्या चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, गरजू रुग्णांना वापरायला द्यायचं सगळं सामान. बसायला खुर्च्या कमी पडत, म्हणून अध्यक्ष एका चाकाच्या खुर्चीत बसत आणि दर वेळी ब्रेक लावायला विसरत. बोलण्याच्या भरात हळूहळू मागे जात. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून ते सगळ्यांचे चष्मेवाले. चिटणीस शाळेत ग्रंथपाल होती. आणि सिस्टर म्हणजे सिस्टर. इस्पितळातून त्या निवृत्त झाल्या तरी ते नाव काही निवृत्त झालं नव्हतं.

अडचण आज हजेरी लिहिताना लक्षात आली. सलग तीन सभांना जो येणार नाही त्याचं कार्यकारिणीतलं सभासदत्व आपोआप जातं, असा संस्थेचा नियम होता, आणि मागच्या तिन्ही सभांना सिस्टर आल्या नव्हत्या. त्या काळात त्यांचे यजमान अंथरुणाला खिळले होते. संस्थेच्याच पलंगावर ते गेल्या महिन्यात गेले. पलंग धुऊन-पुसून सिस्टरांनी स्वतः परत आणून दिला होता.

नियम कुणाचा, तर त्यांचाच. संस्थेची नोंदणी करायची ठरली तेव्हा नियमावली कशाशी खातात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चष्मेवाल्यांनी आपल्या पोहण्याच्या क्लबची आणली आणि नाव बदलून दिली ठोकून. नोंदणी कार्यालयातल्या कारकुनानं ती परत केली. रुग्णांना साहित्य देणाऱ्या संस्थेत ‘सभासदांनी पाण्यात उतरण्यापूर्वी अंघोळ करावी’ हे कलम कशाला, असं त्यानं अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं. मग सिस्टरांनी सूत्रं हातात घेतली. एकेक कलम मोठ्यानं वाचायला लावलं. गैरहजेरीच्या कलमात ‘सबळ कारणाशिवाय’ असे शब्द होते, ते त्यांनी काढून टाकायला सांगितले.

“कारण काय, ज्याच्या त्याच्याकडे असतंच,” त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. “वॉर्डात कारणं ऐकून ऐकून माझे कान किटलेत.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. सिस्टरांपुढे तशी पद्धतच होती.

“हे बघा,” चष्मेवाले म्हणाले, “संस्था तुम्ही उभी केलीत. तुम्ही नसाल तर आम्ही काय नुसत्या कुबड्या मोजत बसायचं? घाल गं तू त्यांचं नाव.” बोलता बोलता ते कपाटापर्यंत मागे गेले होते.

सिस्टरांना हो म्हणायचं होतं. अगदी मनापासून म्हणायचं होतं. घरात आता औषधांच्या वेळा उरल्या नव्हत्या, की हाक मारणारं कुणी नव्हतं. सकाळी उठून जावं असं हे एकच ठिकाण राहिलं होतं, आणि तेही आपल्याच हट्टापायी जावं, हे काही घशाखाली उतरत नव्हतं. एका ओळीनं कुणाचं काय बिघडणार होतं?

“प्लंबरचं काय केलं आपण?” त्यांनी विचारलं.

प्लंबर नोंदणीच्या वेळी सह्या करणाऱ्यांतला. मोडकीतोडकी खुर्ची त्याच्या हाती दिली की ती पुन्हा चालायला लागे. गेल्या वर्षी त्याची आई आजारी पडली आणि त्याच्या तीन सभा चुकल्या. पुढच्या सभेला तो आला तेव्हा सिस्टरांनीच त्याला दारात अडवून नियम सांगितला होता. तो फक्त “बरं” म्हणाला आणि दुरुस्त करून आणलेला वॉकर भिंतीला टेकवून निघून गेला.

“त्याची गोष्ट वेगळी होती,” चिटणीस म्हणाली.

“वेगळी कशी?”

“त्याची आई बरी झाली ना.”

“म्हणजे माणूस गेलं तरच कारण खरं?”

तिनं मान खाली घातली. “तसं नाही हो. पण तुम्ही म्हणजे तुम्ही.”

“तेच नको आहे मला,” सिस्टर म्हणाल्या. “माझं नाव घालू नकोस. सर्वसाधारण सभा बोलवा, काढलेले शब्द रीतसर परत घाला. मग आधी प्लंबरला घ्या. मी जाते त्याच्याकडे, मीच घालवलंय त्याला.”

“आणि तुमचं?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

“मी अर्ज करीन. माझं कारण सबळ आहे की नाही ते तुम्ही ठरवा.” शेवटी शेवटी त्यांचा आवाज फाटला आणि त्यांना स्वतःचाच राग आला. “आता मला इथे बसता येणार नाही. चालू द्या तुमचं.”

त्या बाहेर अंगणात आल्या. परत आलेली एक खुर्ची तिथे धुवायची राहिली होती. बादली भरून, स्टूल ओढून त्या चाकं धुवायला बसल्या. आतून चिटणीस वाचत असल्याचा आवाज येऊ लागला.

फाटकातून एक माणूस घाईघाईनं आत आला. वडिलांना इस्पितळातून घरी न्यायचं होतं, खुर्ची हवी होती.

“आत सभा चाललीय,” सिस्टर म्हणाल्या. “संपली की देतील. जरा थांबा.”

“तुम्हीच द्या ना. इथल्याच ना तुम्ही?”

सिस्टरांनी हातातला फडका पिळला.

“होते,” त्या म्हणाल्या, आणि स्टूल त्याच्याकडे सरकवून उभ्या राहिल्या.