रुसलेले

प्रयोगशाळेत काकूंना सगळेच काकू म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठा असलेला शिपाईसुद्धा. समुद्रतळाचा गाळ चाळणीत धुवायचा, वाळवायचा, काळ्या तबकडीवर पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघत त्यातली इवलाली कवचं ओल्या कुंचल्याने टिपायची, हे काम त्या सव्वीस वर्षं करत होत्या. कवच खसखशीच्या दाण्याएवढं, आणि आतला जीव लाखो वर्षांपूर्वी मेलेला. तरी काकू त्यांच्याशी गप्पा मारत.

आणि आता प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना वाटत होतं की काकूंचे डोळे गेले.

"गाळाच्या प्रत्येक थरातून तीनशे अखंड कवचं मिळायला हवीत," मॅडम वही पुढे धरून म्हणाल्या. "या चार थरांत तुम्हाला शंभरही मिळाली नाहीत. सोमवारपासून तुम्ही फक्त चाळण्या धुवा, काकू. इथे दुसरं कोणी बसेल."

धुण्यात कमीपणा नव्हता, पण ती खुर्ची सुटली की आपलं इथलं असणंच सुटलं, असं काकूंना वाटलं. त्यात मॅडमचं अर्धं खरं होतं. उजव्या डोळ्यापुढे दोन महिने धुकं होतं, आणि ते त्यांनी लेकीलाही सांगितलं नव्हतं.

काकू टेबलाचा खण रिकामा करत होत्या, मॅडम शेजारी उभ्या होत्या. गोळ्यांची पाकिटं, टोपण हरवलेलं पेन, आणि मागे कवचं चिकटवलेल्या पट्ट्यांची चळत. पट्टीपट्टीवर थराचा आकडा आणि एक अक्षर: रु.

"हे काय?"

"रुसलेले," काकू ओशाळून म्हणाल्या. "वाकडी वाढलेली कवचं हो. वाकडं दिसलं की तुकड्यांच्या डबीत टाका, असा नियम आहे. माझ्याच्यानं टाकवेना. तुटणं वेगळं नि रुसणं वेगळं."

मॅडमनी पट्टी भिंगाखाली सरकवली. हा जीव एकेक खोली बांधत वाढतो. दिवस बरे असले की खोल्या क्रमाने मोठ्या होतात. इथल्या खोल्या खुरटलेल्या, पिळवटलेल्या, एकमेकींवर चढलेल्या. अशी शेकडो कवचं, आणि नेमकी त्याच चार थरांतली. म्हणजे ते थर साचले तेव्हा समुद्र तापला होता, पाण्यातला प्राणवायू आटला होता. याचाच पुरावा मॅडम पाच वर्षं शोधत होत्या.

"तो नियम कोणी केला होता?"

"तुम्हीच की," काकू म्हणाल्या.

मॅडमना हसावं की रडावं कळेना. शेवटच्या पट्टीवर 'नि' होतं.

"रुसवा निघाला," काकूंनी सांगितलं. वरच्या थरातली ही कवचं आधी वाकडी, आणि शेवटच्या तीन खोल्या सरळ.

मॅडमनी वहीत दोन नवे रकाने आखले आणि वर काकूंचेच शब्द लिहिले. "खुर्ची तुमचीच, काकू. माझं चुकलं."

काकू इथे गप्प बसल्या असत्या तर निभावलं असतं. पण वहीत आता त्यांचे शब्द होते.

"उजव्या डोळ्याने खरंच नीट दिसत नाही," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू असणार. हे चार थर डोळा बरा होता तेव्हाचे आहेत, पण त्यानंतरचे दोन पुन्हा मोजा. मला भरवसा नाही."

मॅडमनी त्या दोन थरांच्या तबकड्या काढल्या. मग म्हणाल्या, "उद्या डॉक्टरकडे जाऊ. तुम्ही बऱ्या होईपर्यंत मी मोजते."

मॅडम काकूंच्या खुर्चीवर बसल्या. काकू ठेंगण्या, मॅडम ताडमाड. खुर्ची इतकी खाली की गुडघे पोटाशी आले. खुर्ची उंच करायला त्यांनी दांड्याला हात घातला, काकूंकडे पाहिलं, आणि हात काढून घेतला. मग तशाच वाकड्या बसून त्या मोजू लागल्या.