शिंपीकाकांच्या गालातली सावली

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी शिंपीकाकांच्या जबड्याचा फोटो निघाला. दहा वाजता त्यांच्या पडलेल्या वरच्या दाढेच्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचा स्क्रू, बसवायचा होता.

मित्रांनो, तो फोटो मी काढला. मी दातांच्या दवाखान्यातला जुना एक्स-रे कॅमेरा. लाकडी खोक्यातून आलो तेव्हा चार हमालांनी मला जिना चढवला होता. कोण ऐट होती माझी! डोक्याभोवती एक फेरी घेतली की बत्तीस दात एका पट्टीवर. आता फिरताना सांधे कुरकुरतात आणि येणारा-जाणारा माझ्यावर छत्री अडकवतो.

त्या दाढेच्या जागेच्या वर, काकांच्या उजव्या गालातल्या पोकळीत, सायनसमध्ये, घुमटासारखी सावली दिसली. पुटी, म्हणजे पाण्याने भरलेली पिशवीसारखी गाठ. अशी पुटी बहुधा निरुपद्रवी असते. पण ती वाढत असली, तर स्क्रू बसवताना सायनसची वाट तुंबू शकते आणि स्क्रूही हातचा जातो.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी कपाटातून सहा वर्षांपूर्वीचा फोटो आणला. तोही माझाच. त्यात सावली लहान होती.

"वाढलीय. आधी ऑपरेशन करून पुटी काढू. स्क्रू सहा महिन्यांनी."

"सहा महिने?" काका ताडकन उठून बसले. "वर्षभर एकाच बाजूने चावतोय, डॉक्टर. बायको विचारते, जेवताय की रवंथ करताय?"

माझा जीव टांगणीला लागला. त्या जुन्या फोटोच्या वेळी काकांनी मान वळवली होती. मान वळली की माझ्या पट्टीवर एक बाजू आक्रसते, दुसरी फुगते. पण मी सांगणार कसे?

डॉक्टरांच्या लेकीने, तीही दातांचीच डॉक्टर, दोन्ही फोटो उजेडाला धरले. "बाबा, जुन्यात उजव्या दाढा डाव्यांपेक्षा केवढ्या अरुंद आहेत! सावलीही तशीच आक्रसली असेल. काका, तेव्हा मान वळवून बोलत होतात ना?"

"मी गप्प कधी असतो?"

"माझ्या नजरेतून सुटलं," डॉक्टर हळूच म्हणाले. "आधी त्रिमितीय स्कॅन करू. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवू. त्यांनी निरुपद्रवी म्हटलं, तर पुटीला हातही लावायचा नाही."

"पण आज नाहीच?"

"आज नाही."

मित्रांनो, माझ्यासमोर उभे राहाल तेव्हा तेवढे काही क्षण मान हलवू नका. आणि मी दाखवतो ते पारखून घ्या. खोटे बोलायची माझी इच्छा नसते, तरी बोलले जाते. त्यानेच मी जास्त थकतो.

दुपारी पावणेदोनला स्कॅन झाल्याचा फोन आला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तो अजून पाहिलेला नाही. काका त्यांच्या दाराबाहेर बाकावर बसून आहेत.